डब्यातली माझी चिठ्ठी

प्रभाकर, तुला माती देऊन आज तेवीस दिवस झाले. शोकसभेत पाळकसाहेबांनी तुझं तोंड भरून कौतुक केलं. परदेशात इतकी वर्षं तरुणांमध्ये सेवा केली, त्यांच्या प्रत्येक प्रश्नाला धीरानं उत्तर दिलं, कुणाला रिकाम्या हातानं परत पाठवलं नाही, असं म्हणाले. मी पहिल्या बाकावर बसून मान डोलावत होते. मनात मात्र म्हणत होते, एकीला पाठवलंय साहेब, आणि ती इथेच तुमच्यासमोर पांढरी साडी नेसून बसली आहे.

चारचौघांत मी तुला 'अहो' म्हणायचे आणि घरात 'तू'. आता चारचौघे आपापल्या घरी गेले, तेव्हा 'तू'च म्हणते. आणि हे मुद्दाम आज लिहायला बसले, कारण काल मला एक गोष्ट कळली. ती ज्याला सांगावी असा माणूस तूच आहेस. तू नाहीस म्हणून सांगायची नाही, एवढा माझा पोटात ठेवायचा स्वभाव नाही, हे तुला ठाऊक आहे.

तो डबा आठवतो ना? बिस्किटांचा, पत्र्याचा, झाकणावर घोड्याचं चित्र असलेला. झांबियात गेल्यावर पहिल्याच महिन्यात तू छिन्नीनं त्याच्या झाकणाला फट पाडलीस आणि तरुणांच्या केंद्राच्या दाराशी ठेवलास. ज्याला जे विचारायचं असेल त्यानं चिठ्ठीवर लिहून टाकावं, नाव घालू नये. शुक्रवारी संध्याकाळी गाणी झाली की तू डबा उघडायचास. तांब्याच्या खाणींचं गाव ते. कागदाची चैन नव्हती. पोरं सिगारेटच्या पाकिटाच्या आतल्या बाजूला लिहायची, मक्याच्या पिठाच्या पिशवीचा तुकडा फाडून लिहायची. प्रार्थना करूनही बाप दारू का सोडत नाही? मला खाणीत जायचं नाही, आईला कसं सांगू? मुलीला पत्र लिहिणं हे पाप आहे की नुसता मूर्खपणा? यावर तू म्हणाला होतास, पत्र वाचून बघितल्याशिवाय सांगता येणार नाही, आणि सगळं केंद्र पाच मिनिटं हसत होतं.

तुझे तीन नियम होते. कागदाकडे बघायचं नाही, अक्षराकडे बघायचं नाही, फक्त प्रश्नाकडे बघायचं. कुणी लिहिलं ते कधीही विचारायचं नाही. आणि उत्तर देऊन झालं की चिठ्ठी सगळ्यांसमोर कोळशाच्या शेगडीत टाकायची. उत्तर येत नसेल तर चिठ्ठी जाळायची नाही, पुढच्या शुक्रवारी उत्तर घेऊनच यायचं. तू तसा येतही होतास. म्हणून तर पोरांचा विश्वास बसला.

आता माझं. मी नगरच्या शाळेतली गणिताची बाई. लग्नाला दोन वर्षं झाली आणि तुला परदेशी सेवेचं पाचारण झालं. तुला झालं, मला नाही. हे मी तेव्हा कुणालाच सांगितलं नाही. मंडळीत सगळ्या बायका म्हणाल्या, शालिनी किती नशीबवान, नवऱ्याबरोबर देवाच्या कामाला चालली. मी हसून सगळ्यांना सलाम केला, राजीनामा दिला आणि विमानात बसले. तिथे जाऊन काय केलं? साठ पोरांसाठी मक्याच्या पिठाची उकड घोटायला शिकले. हाताला घट्टे पडले. शिबिराची घोंगडी धुतली. सभेत तुझ्या डावीकडच्या खुर्चीवर बसून मान डोलवायला शिकले. ती कला मला पुढे शोकसभेतही उपयोगी पडली. मुलं मला 'बामायो' म्हणायची, म्हणजे आई. प्रेमानं म्हणायची, पण स्वयंपाकघराच्या दारातून म्हणायची, कारण मी तिथेच असायचे.

तीन वर्षांनी एका गुरुवारी मी चिठ्ठी लिहिली. तुझ्याशी समोरासमोर बोलता आलं असतं, मला कबूल आहे. पण तू दिवसभर दुसऱ्यांची दुःखं ऐकून घरी यायचास आणि जेवता जेवता तुझे डोळे मिटायचे. त्या माणसासमोर आपलं दुखणं काढायची मला लाज वाटायची. म्हणून म्हटलं, आपणही रांगेत उभं राहावं. डाव्या हातानं, इंग्रजीत, मोठ्या छापील अक्षरांत लिहिलं. ऑफिसातलं हिरवं पेन घेतलं. पोरांनी लिहिल्यासारखं वाटावं म्हणून स्पेलिंगमध्ये दोन चुकाही घातल्या. लिहिलं होतं एवढंच: मी ज्याच्याबरोबर राहते त्याच्यावर माझं प्रेम आहे, पण त्याचं काम माझं नाही. मी इथे काय करू?

शुक्रवारी ती चिठ्ठी तुझ्या हातात आली. तू मोठ्यानं वाचलीस. मागच्या बाकावरच्या मुलांनी शिट्ट्या मारल्या, मुली एकमेकींना कोपरानं ढोसू लागल्या. सगळ्यांना वाटलं, केंद्रातलंच कुठलं तरी जोडपं. तू हसला नाहीस. चष्मा काढून पुसलास. कागद उलटा केलास, परत सुलटा केलास. मला वाटलं, मागे आणखी काही लिहिलंय का ते बघतोयस. मग म्हणालास, "याचं उत्तर मला आज येत नाही," आणि चिठ्ठी सदऱ्याच्या खिशात ठेवलीस.

पुढच्या शुक्रवारी तू काही बोलला नाहीस. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही नाही. मुलं विसरून गेली. मी विसरले नाही. ज्यानं दारूबाज बापांची उत्तरं शोधून आणली, त्याला नेमकं माझंच उत्तर सापडू नये? मी दोन आठवडे तुझ्याशी कामापुरतं बोलले. तू विचारलंस, बरं नाही का? मी म्हटलं, डोकं दुखतंय. खोटं नव्हतं ते.

तिसऱ्या रविवारी न्याहारीला बसलो होतो. तू मधेच म्हणालास, "ती मागची खोली उगाच मोडक्या खुर्च्यांनी भरून ठेवली आहे. मला तिचा काही उपयोग नाही. तुला हवी का?" मी म्हटलं, मला खोली घेऊन काय करायचंय, पापड वाळवू? तू म्हणालास, "या पोरी दहावीच्या गणितात दर वर्षी नापास होतात. मला तर नळ आणि हौदाचं गणित अजून येत नाही." आणि उठून हात धुवायला गेलास. झालं. सोमवारी मी स्वतः खुर्च्या बाहेर काढल्या आणि केंद्रातल्या सुतारांकडून एका फळीला काळा रंग मारून घेतला.

पहिल्या दिवशी चार मुली आल्या. महिन्याभरात चौतीस. त्यात ब्रिजेट होती, जिच्याबद्दल शिक्षकांनी सांगितलं होतं की हिच्या डोक्यात आकडे शिरणार नाहीत. पहिला आठवडा संपला त्या दिवशी मी खडूनं माखलेल्या हातांनी घरी आले आणि आल्या आल्या तुझ्यावर ओरडले, की अजून जेवायचं पान का घेतलं नाहीस, मला वह्या तपासायच्या आहेत. तू अंगणात शेगडीपाशी बसून कणीस भाजत होतास. हातातला एक कागद तू निखाऱ्यावर टाकलास. "काय जाळतोस?" मी विचारलं. "जुना कागद आहे," तू म्हणालास, आणि मला कणीस दिलंस. मी ते उभ्या उभ्या खाल्लं.

पुढची वर्षं तुला ठाऊकच आहेत. तुझ्या शुक्रवारच्या सभेपेक्षा माझ्या वर्गाला जास्त गर्दी व्हायला लागली, तेव्हा तू पाहुण्यांना सांगायचास, "मी इथे बाईंचा नवरा म्हणून आहे." तुझ्याबरोबर मी शिबिरांना गेले, दफनांना गेले, लग्नांत नाचले, पण आता तुझ्या डावीकडची खुर्ची रिकामी असायची आणि तुला ती सलत नव्हती. एखादी मुलगी पास होऊन निकाल दाखवायला यायची तेव्हा मला वाटायचं, हेच माझं पाचारण, ते फक्त टपालानं उशिरा आलं. आपल्याला मूल झालं नाही, याचं दुःख त्या खोलीत पुष्कळ विरलं. सगळं विरलं असं म्हणणार नाही.

मग तुझ्या किडन्यांनी दगा दिला. डायलिसिस आठवड्यातून दोनदा, आणि खाणीच्या गावाहून दवाखाना चार तासांवर. तू म्हणालास, बनारसला जाऊ. तू तिथलाच, तुझे वडील नगरहून रेल्वेच्या कारखान्यात आले आणि कँटोनमेंटच्या बाजूला राहिले. तुझं बालपण गजाननभाऊंबरोबर भोसले घाटाच्या पायऱ्यांवरून गंगेत उड्या मारण्यात गेलं. दूधविनायक मोहल्ल्यातल्या भिक्षुकाच्या घरातला मुलगा आणि ख्रिस्ती मंडळीतला मुलगा, दोघे ओल्या चड्ड्यांनी एकाच पायरीवर वाळत बसायचे, हे मी हजारदा ऐकलं आहे. तुला तिथे परतायचं होतं. आणि मला नव्हतं. मी वर्गाची किल्ली ब्रिजेटच्या हातात दिली, ती तेव्हा स्वतः शिक्षिका झाली होती, आणि तुझ्यामागे आले.

इथे आल्यावर पहिल्या उन्हाळ्यात एकदा तू ताट बाजूला सारलंस, बिनमिठाचं खाववत नाही म्हणून. माझा तोल गेला. मी म्हटलं, "दोनदा तुझ्यामागे घरदार सोडून आले. तिसऱ्यांदा येणार नाही." तू ताट परत पुढे ओढलंस आणि शांतपणे म्हणालास, "तिसऱ्यांदा मी एकटाच जाणार आहे, शालू." आणि सगळं जेवलास. ते वाक्य मला परत घ्यायचं होतं. चार वर्षं रोज घ्यायचं होतं. रोज वाटायचं, उद्या म्हणू.

तू गेल्यावर त्याचीच भरपाई म्हणून मी ठरवून टाकलं, की आता इथेच राहायचं, तुझ्या मातीजवळ. ब्रिजेटचा फोन आला. म्हणाली, बामायो, मी एकटी पडते, वर्ग दोन झाले आहेत, खोली तशीच आहे, कधी येता? मी म्हटलं, येणार नाही बाळ, माझी जागा आता यांच्याजवळ. ती रडली. मी फोन ठेवला आणि गहू निवडायला बसले. आपण मोठा त्याग करतोय असं वाटत होतं, आणि गहू काही नीट निवडले जात नव्हते.

गजाननभाऊंनाही तेच बरं वाटलं. ते रोज दूधविनायकातून येतात, दारातूनच "सलाम, वहिनी" म्हणतात. तुझ्यावर अजून रागावलेले आहेत. परवा म्हणाले, "लोकं कुठून कुठून काशीत मरायला येतात, आणि हा काशीत मरून पण मातीत गेला. जिद्दी होता बचपनापासून." मग म्हणाले, "मी त्याला विचारून ठेवलं होतं, शेवटी तोंडात गंगाजल टाकलं तर चालेल का? म्हणाला, तहान लागली असली तर टाक." आम्ही दोघंही हसलो. मग ते बराच वेळ उपरण्यानं डोळे पुसत होते.

काल ते नवं कॅलेंडर घेऊन आले. तेच, रोज एक पान फाडायचं छोटं, जाडजूड मराठी कॅलेंडर. ठळक तारीख, खाली तिथी, एकादशी, चतुर्थी. तू परदेशी गेलास त्या वर्षापासून त्यांनी ते दर वर्षी डाकेनं पाठवलं. तिथे ते फेब्रुवारीत पोचायचं. आपण एकदम चाळीस पानं फाडायचो आणि मी ती चिमट्यात अडकवून ठेवायचे, कोऱ्या पाठीवर याद्या लिहायला. ख्रिस्ती घरात एकादशी कशाला, म्हणून मी तुला चिडवायचे. तू म्हणायचास, "एकादशीला गजा उपाशी असतो, मला त्याची आठवण काढायची असते."

"यंदाही डाक नाही, हातानंच देतोय," भाऊ म्हणाले. "आणि वहिनी, ती उरलेली दवा लिहून द्या, मी धर्मार्थ दवाखान्यात देऊन टाकतो. कुणाच्या तरी कामी येईल." मी भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरचं वरचं पान फाडलं, पाठीवर औषधांची यादी लिहिली आणि त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती वाचली. मग कागद उलटा केला, परत सुलटा केला.

"अरे वहिनी, तुम्ही पण ना! एकादशीच्या पानावर दवा लिहिलीत."

प्रभाकर, मी तिथेच खुर्चीवर बसले.

डावा हात, छापील अक्षरं, हिरवं पेन, दोन मुद्दाम केलेल्या चुका. आणि कागद कुठला? चिमट्यातला. त्या अख्ख्या खाणीच्या गावात देवनागरीत तिथी छापलेला कागद एकाच घरात होता. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं मी वर्गात मुलींना सांगायचे, आणि माझाच बैल इतकी वर्षं रिकामा फिरत होता! त्या पानांवर रोज मीठ-मिरची लिहून लिहून मला त्यांची दुसरी बाजू दिसायचीच बंद झाली होती. तू ती त्या शुक्रवारी बघितलीस. कोणत्या तारखेचं पान होतं ते मला आठवत नाही. तुला शेवटपर्यंत आठवत असणार.

तुला माहीत होतं. मागच्या बाकावर शिट्ट्या वाजत होत्या तेव्हा तुला माहीत होतं, मी डोकं दुखतंय म्हणाले तेव्हाही, आणि मोडक्या खुर्च्यांचं काढलंस तेव्हाही. कुणी लिहिलं ते विचारायचं नाही, हा नियम तू बायकोलाही लावलास. आणि उत्तर दिल्याशिवाय जाळायची नाही, म्हणून मी खडूचे हात घेऊन घरी येईपर्यंत ती चिठ्ठी खिशात वागवलीस.

"वहिनी, काय झालं? तबियत ठीक आहे ना?" भाऊ घाबरले होते.

"भाऊ, यांना माहीत होतं," मी म्हटलं.

"प्रभाला? त्याला सगळंच माहीत असायचं. बोलायचा कुठे!"

बोलायचा कुठे. तेवढ्यावरून मला पासपोर्ट आठवला. श्रावणात तू माझ्या मागे भुणभुण लावली होतीस, शालू, तुझ्या पासपोर्टची मुदत संपतेय. मी वैतागून म्हटलं होतं, तुझ्या डायलिसिसचे वार सांभाळू की पासपोर्टची मुदत? तू ऐकलं नाहीस. भाऊंच्या सुनेला बोलावून अर्ज भरून घेतलास, तिलाच माझ्याबरोबर पासपोर्ट कार्यालयात पाठवलंस. मी विचारलं, आणि तुझा? "माझा राहू दे, मला रांगेत उभं राहवत नाही," असं म्हणालास, पलंगावर पडल्या पडल्या. मला वाटलं, माणूस आजारानं हट्टी झालाय. नवा पासपोर्ट आला तेव्हा तू तो दोनदा उघडून बघितलास आणि माझ्या कपाटात, हाताशी येईल असा ठेवायला लावलास.

मी काल तो काढून बघितला. दहा वर्षांची मुदत आहे.

भांडण मात्र संपलेलं नाही, हे ऐकून ठेव. तू विचारायला हवं होतंस. एकदा तरी म्हणायचंस, शालू, ती चिठ्ठी तुझी होती ना? मी रडले असते, भांडले असते, तुला लागेल असं बोलले असते, पण आपण दोघं त्यावर बोललो असतो. इतकी वर्षं मी मनात एक तक्रार सांभाळली जिचं उत्तर माझ्याच हातात होतं, रोज त्याच हातात खडू धरत होते. तुझा नियम पोरांसाठी ठीक होता. नवरा-बायकोला तो जरा जास्तच झाला. आणि तरी, तू विचारलं असतंस तर मी ती खोली तुझ्या मेहेरबानीची समजून घेतली असती, किंवा घेतलीच नसती. तू ती अशी दिलीस की मला ती माझीच वाटली. याबद्दल तुझे आभार मानायचे की तुला बोल लावायचा, ते मला अजून ठरवता येत नाही. दोन्ही करीन.

आणि ते वाक्य मी परत घेते. दोनदा तुझ्यामागे आले, यातलं पहिलं तू आधीच फेडलं होतंस, मला न सांगता. दुसरं श्रावणात फेडलंस.

आज सकाळी भाऊ परत आले. कालची औषधं पोचवली म्हणाले, चहा घेतला, तीन चमचे साखर घालून. मी ब्रिजेटला फोन लावला होता तो ते ऐकत होते; इंग्रजी त्यांना नीट कळत नाही, पण माझ्या आवाजावरून कळलं असावं. मग टेबलावरचं नवं कॅलेंडर त्यांनी उचललं, खिशातून खिळा काढला आणि भिंतीकडे गेले. "हे तरी लावून जातो. हातोडी कुठे ठेवलीय, वहिनी?"

"राहू दे, भाऊ," मी म्हटलं. "ते मी तिकडे लावते."